निर्णय जिथे, नोकरी तिथे

मोठ्या कंपन्यांच्या व्यवस्थापनातल्या नोकऱ्या महाराष्ट्रात कुठे आहेत, हे शोधायला आकडेवारी लागत नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट, हिंजवडी, खराडी. माल कुठेही पिको, भाव ठरवणारे, माणसे नेमणारे आणि पैसा कुठे गुंतवायचा ते पाहणारे लोक मुख्यालयात बसतात, आणि मुख्यालये मुंबई-पुण्यात आहेत. म्हणून वाशिम जिल्ह्यातला एमबीए झालेला मुलगा पुण्याची गाडी धरतो. त्याला दोष देता येणार नाही. निर्णय जिथे होतात तिथेच नोकरी असते, आणि वाशिमच्या सोयाबीनचे निर्णय वाशिमबाहेर होतात.

हे आपण एकदा अनुभवले आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली. कारभार जवळ आला, तशा कारभारातल्या नोकऱ्याही जवळ आल्या. बाजाराचे निर्णय मात्र दूरच राहिले. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, नीती आयोगाने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजे आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचे नाव घातले.

बाजाराचे निर्णय जवळ आणण्याची एक वाट कायद्याने खुली केलेली आहे. २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीमुळे दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. शेअर कितीही असोत, प्रत्येक शेतकऱ्याला मत एकच. आणि अशा प्रत्येक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो. आज अशा कंपन्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा अशा ठिकाणीही व्यवस्थापकाची खुर्ची असू शकते, आणि तीही मुख्यालयातली.

या खुर्चीवरचे काम सोपे नाही. सोयाबीनचा ओलावा तपासायचा, चाळणी करून प्रत लावायची, माल आज विकायचा की गोदामात ठेवून तारण कर्ज घ्यायचे ते ठरवायचे. जीएसटीचे विवरणपत्र, लेखापरीक्षण, कंपनी निबंधकांकडची कागदपत्रे वेळेत द्यायची. आणि संध्याकाळी गावात बसून सभासदांना प्रत्येक पैशाचा हिशेब समजावून सांगायचा. हा शेवटचा धडा कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवून येत नाही. तो माणसांत राहूनच येतो.

२०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली. तिच्यात अशा कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिन्याला २५ हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे, तीही पहिली तीन वर्षेच. त्यानंतर पगार कंपनीने आपल्या कमाईतून द्यायचा. ही अट मला रास्त वाटते. अनुदानाने नोकरी सुरू होते, टिकते ती व्यवहाराने. आणि व्यवहार सभासदांच्या हातात आहे. क्विंटलमागे चार पैसे जास्त दिसले म्हणून आपणच माल दुसरीकडे घातला, तर आपल्याच कंपनीचा काटा रिकामा राहतो आणि पहिली गदा व्यवस्थापकाच्या पगारावर येते.

दुसरी गोष्ट मानाची. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे पॅकेज आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो. गावातली उत्पादक कंपनी सांभाळणाऱ्याला मात्र विचारतो, "बापू, नोकरी कधी लागते?" शेकडो कुटुंबांच्या मालाची जबाबदारी उचलणाऱ्या तरुणाला हा प्रश्न किती लागत असेल! त्याचे लग्न ठरवताना, त्याला सभेत बसवताना, त्याचे मत ऐकताना आपण त्याला व्यवस्थापक मानले पाहिजे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो आपल्या जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. रस्ता माल नेईल. कोणता माल, कधी, कोणत्या भावाने न्यायचा हे ठरवणारा माणूस मात्र आपल्यालाच नेमावा लागेल, त्याला पुरेसा पगार द्यावा लागेल आणि त्याच्याकडे हिशेबही मागावा लागेल. यंदा वार्षिक सभेची नोटीस आली, की सही करून बाजूला ठेवू नका. सभेला जा, ताळेबंद वाचा, आणि आपल्या व्यवस्थापकाला किती पगार मिळतो ते विचारा.