मंद्र, मध्य, तार

मेडशीत असाल तर अकोला-वाशीम रस्त्यापासून जरा आत, एखाद्या ओट्यावर बसा. पाठ टेकली तरी चालेल. ट्रक जातील, जाऊ द्या. कुठे भजनाचे टाळ वाजत असतील तर तेही कानावर पडू द्या. आघातातून उठतो तो आहत नाद. तूर्त तेवढाच ऐका.

आता तोंड मिटा. अगदी खालच्या पट्टीत 'म्' धरा आणि तळहात छातीवर ठेवा. थरथर लागली हाताला? हा मंद्र. त्याचं स्थान हृदय, असं शार्ङ्गदेव सांगतो.

तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. घराणं मूळचं काश्मीरचं. दरबारात त्याच्याकडे हिशेबाचं काम, आणि वैद्यकही त्याला येत होतं. म्हणूनच असेल, स्वरांकडे वळण्याआधी तो गर्भ कसा वाढतो इथपासून सगळा देह सांगत बसतो. (घाईचे वाचक ही पानं उलटतात. मला तीच आवडतात.) त्याच्या मते बोलावंसं वाटलं की मन देहातल्या अग्नीला जागवतं, अग्नी वायूला ढकलतो आणि वायू नाभीपासून वर चढत जातो.

श्वास संपला की थांबा. घाई नाही.

पुन्हा 'म्', थोडा वर. थरथर गळ्यात आली, हा मध्य. आणखी वर, कपाळापाशी, तार. प्रत्येक स्थान आधीच्या दुप्पट उंच. तार जमत नसेल तर सोडून द्या, मंद्रावर परत या.

गुणगुणताना नाकातलं नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं. एवढ्यावरून रोग बरा होतो असं ठरत नाही. अमुक रागाने अमुक दुखणं जातं, असले तक्ते मला पटत नाहीत. चरकाचं मात्र पटतं. रुग्णाच्या घरात कोण कोण असावं हे सांगताना तो वरण-भात रांधणारे, न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसवणारे, औषध वाटणारे मोजतो; आणि गाणारे, वाजवणारे, गोष्टी सांगणारेही.

घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर उशाशी बसा. काय म्हणू, ते त्यांनाच विचारा. ओवी मागतील, नाहीतर जुन्या सिनेमातलं गाणं. मंद्रातच म्हणा. ते कंटाळले की थांबा, आणि गोळीची वेळ झाली असेल तर गोळी द्या.