हिरवा फुटवा कापावा का?

एखाद्याची काळजी घेणं म्हणजे त्याला तो आहे तसा ठेवणं, की तो होत जाईल तसा होऊ देणं? प्रश्न जड वाटतो. माझ्यापुढे तो एका मनीप्लांटमुळे आला.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी खिडकीच्या गजांवर चढलेला हा वेल वीस-बावीस वर्षांचा आहे. पानं हिरवी, त्यांवर पांढरे शिंतोडे. नर्सरीत याला मार्बल क्वीन म्हणतात. मनीप्लांट चोरून आणला तरच लाभतो असं म्हणतात. आईने मात्र तो शेजारणीकडून रीतसर मागून आणला आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत लावला. लक्ष्मी काही आली नाही, वेल मात्र आला.

आता तो म्हातारा दिसतो. खालची पानं पिवळी पडून गळाली आहेत, बुडाजवळची दांडी उघडी आणि खरबरीत झाली आहे. पण शेंडा पाहिला तर नुकतं उलगडणारं कोवळं पान. माणूस सगळाच्या सगळा म्हातारा होतो. वेल एका टोकाला म्हातारा आणि दुसऱ्या टोकाला तान्हा असतो. मग त्याचं वय काय म्हणायचं?

हा प्रश्न आणखी खोल जातो. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. 1880 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. तो आपणहून फुलल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याचं कारण सापडलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं तयार होत नाही. संशोधकांनी ते बाहेरून फवारलं, तेव्हा फुलं आली. एरवी फूल नाही, म्हणून बी नाही. घरोघरचे मनीप्लांट वाढले ते फांदी तोडून. आपल्याकडे उसाचं बेणं लावतात तसंच हे. कांडीवर डोळा असतो, तसा या वेलाच्या पेरावरही असतो. म्हणजे तुमच्या बाल्कनीतला आणि आमच्या खिडकीतला मनीप्लांट एकमेकांचे नातेवाईक म्हणण्यापेक्षा एकाच जुन्या देहाचे तुकडे आहेत.

तसं असेल तर आमचा एक वेल मेला म्हणून काय बिघडलं? नर्सरीतून दुसरा आणावा. 2016 च्या उन्हाळ्यात घरात हा वाद झालाही होता. त्या वर्षी मांजरा धरण आटलं होतं. हे धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे आणि लातूर शहराचंही पाणी तिथलंच. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी शोभेच्या वेलाला पाणी घालणं पाप नाही का, असं एक पाहुणे म्हणाले. आई म्हणाली, "मी कुठं प्यायचं पाणी घालायलेय?" ती तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, आठवड्यातून एकदा, अर्धा तांब्या.

मला वाटतं, तिच्याकडे या प्रश्नाचं चोख उत्तर होतं. आधी माणसं, मग जनावरं, मग झाडं, असा क्रम तिने पाळला होता. पण शेवटी असलेल्याला काहीच देऊ नये, असा क्रमाचा अर्थ होत नाही. आणि ज्या जिल्ह्यात टँकर फिरत असताना उसाला पाणी मिळतं, तिथे हिशेब मागायचाच तर अर्ध्या तांब्यापासून सुरुवात का करावी? दुसरा वेल आणता आला असता, हे खरं. पण या वेलाला पाणी घालायची सवय तिच्या हाताला होती. जबाबदारी बहुधा अशीच तयार होते. हा जीव दुर्मीळ आहे की नाही हे आपण पाहत नाही, तो आपल्या भरवशावर आहे एवढं पुरतं.

खरा पेच गेल्या वर्षी आला. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही. हिरवा भाग कमावतो, पांढरा बसून खातो. आपल्याला देखणा वाटतो तो नेमका हा न कमावणारा भाग. कधी कधी अशा वेलाला पूर्ण हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढतो आणि ठेवला तर हळूहळू वेलाचा ताबा घेतो. म्हणून बागकामाचे जाणकार सांगतात, हिरवा फुटवा दिसला की कापून टाका.

आमच्या वेलाला तसा फुटवा आला. मी कात्री घेतली तेव्हा आई म्हणाली, "कशाला कापायलीस? वाढायलंय तर वाढू दे की."

वेलाच्या बाजूने पाहिलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. हिरवं होणं म्हणजे त्याची तब्येत सुधारणं. बिघडणार होती ती आमच्या मनातली त्याची प्रतिमा. मी त्याला जपत होते की त्या प्रतिमेला?

हाच प्रश्न तेव्हा घरात वेगळ्या रूपात चालू होता. आई 76 वर्षांची आहे. एसटीत 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे. हे कळल्यापासून ती एकटीच बाहेर पडते. कधी परळी, कधी कपिलधार, एकदा थेट पैठण. चतुर्थीचा उपवास तिने सोडला. दिवाळीचं फराळ विकत आणा म्हणते. आम्हा भावंडांच्या ग्रुपवर काळजी सुरू झाली: या वयात हे बरं का? पडली तर? तब्येतीची भीती खरी होती. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली होती. चकल्या तळणारी, उपवास धरणारी, दाराशी वाट पाहणारी आई आम्हाला हवी होती. तिच्यातला न कमावणारा, आम्हाला देखणा वाटणारा भाग.

म्हाताऱ्या माणसांची काळजी घेताना आपण पुष्कळदा ही कात्री वापरतो. "तू आता दगदग करू नकोस" हे वाक्य प्रेमाचं असतं आणि त्याला धारही असते. नवं काही फुटलं की आपल्याला ते विचित्र वाटतं, कारण म्हातारपणी माणसाने नुसतं टिकून राहावं अशी आपली अपेक्षा असते.

याचा अर्थ काहीच कापू नये असा नाही. कुजलेली दांडी कापावीच लागते. आईचं बीपी वाढलेलं असेल तर आज जाऊ नकोस म्हणावंच लागतं. कापण्याआधी एवढंच विचारायचं, की हे कोणासाठी? त्याच्या जगण्यासाठी, की माझ्या आठवणीसाठी? उत्तर दर वेळी स्वच्छ मिळेलच असं नाही. पण विचारलं की हात थोडा थांबतो.

वेलाच्या बाबतीत एक सोय आहे. हिरवा फुटवा कापून वेगळ्या बाटलीत लावता येतो. पांढरा पांढऱ्या जागी राहतो, हिरवा हिरव्या जागी वाढतो. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. तिथे कोणती तरी एक आई आपल्याला पत्करावी लागते, आणि ती निवड आपण करायची नसते. सध्या ग्रुपवर तिचे बसच्या खिडकीतून काढलेले फोटो येतात. बरेचसे हललेले असतात. आम्ही तिला फक्त एवढंच सांगितलं आहे, की पोचलीस की फोन कर.