एका वाटेची दोन कामे

मराठीत आपण म्हणतो, ‘एका दगडात दोन पक्षी’. पनागरच्या बाजारात त्याच अर्थाने ‘एक पंथ दो काज’ म्हणतात. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी दोन्ही म्हणी येतात. त्यांत फरक आहे हे सहसा लक्षात येत नाही. पहिलीत एक दगड वाचतो, पण पक्षी दोन्ही मरतात. दुसरीत कुणी मरत नाही; एकाच वाटेने चालताना दोन कामे होतात.

ओळखीतले कुणी टेनिस पाहायला पॅरिसला निघाले की हा फरक महत्त्वाचा ठरतो. मेअखेरीस रोलाँ गारोसची दोन दिवसांची तिकिटे, पुढचे चार दिवस शहर. एवढे विमानभाडे, एवढी व्हिसाची धावपळ. नुसते सामने पाहून परतणे परवडत नाही. या हिशेबात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या शहराला आपण सामन्यातून उरलेला वेळ देतो, ते आपण पाहिले असे म्हणता येईल का? आणि आपण त्याचे काही देणे लागतो का?

पनागरकरांना हा प्रश्न दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. जबलपूरला येणारा पर्यटक भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधार पाहायला येतो. जुन्या जैन मंदिरांसाठी काही यात्रेकरू आमच्याकडे उतरतात. बाकीच्यांसाठी आम्ही गाडीच्या काचेबाहेरून सरकणारे गाव. आम्हाला कुणी उरलेला वेळही देत नाही.

म्हणून कुणी म्हणेल, शहरासाठी जायचे तर फक्त शहरासाठी जावे. मला तसे वाटत नाही. नुसते बघायला गेलेल्याला त्या शहरात बघण्यापलीकडे काम नसते. ज्याला कुठेतरी वेळेवर पोहोचायचे आहे, तो तिथल्या लोकांसोबत मेट्रोत उभा राहतो, रांगेत भिजतो, पावसाने खेळ थांबला की शेजाऱ्याशी चार शब्द बोलतो. वारकरी विठ्ठलासाठी निघतो, वाल्हे किंवा फलटण पाहायला नव्हे. पण मुक्कामाची गावे आणि तिथली माणसे त्याला जशी कळतात, तशी सहलीला आलेल्याला कळत नाहीत. निमित्त माणसाला गावाशी बांधते.

टेनिस आणि पॅरिस ही दोन नावे आपल्याकडे एका घरात पूर्वीच भेटली आहेत. १८९० मध्ये पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव संस्कृत कवयित्री होत्या आणि टेनिसही खेळत. त्यांची मुलगी लीला १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आईची ‘सत्याग्रहगीता’ त्याआधी दोन वर्षे, १९३२ मध्ये, पॅरिसला छापली गेली होती. गांधीजींच्या चळवळीवरचे ते काव्य. त्या घरात रॅकेट आणि लेखणी यांतले एक मुख्य आणि दुसरे फावल्या वेळचे, अशी वाटणी दिसत नाही.

निमित्त आंधळेही करू शकते. रोलाँ गारोस हे स्टेडियम १९२८ चे. नाव एका वैमानिकाचे, ज्याने १९१३ मध्ये विमानातून भूमध्य समुद्र ओलांडला आणि जो १९१८ मध्ये युद्धात मारला गेला. १९३९ च्या शरदात याच स्टेडियममध्ये सरकारने ‘अवांछित’ परदेशी लोकांना डांबून ठेवले होते. लेखक आर्थर कोस्लर त्यांच्यातलाच एक. १९३८ आणि १९३९ ची तिथली विजेती सिमोन मातिए पुढच्याच वर्षी लंडनला स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने स्त्रियांचे दल उभारत होती. तिच्या नावाचे कोर्ट २०१९ मध्ये शेजारच्या ओतय बागेत, काचघरांच्या मधोमध झाले. मैदान आत आणि शहर बाहेर, असे कुंपण तिथे मुळातच नाही. स्कोअरबोर्डापलीकडे न पाहणाऱ्याला शहर तर दिसत नाहीच, स्टेडियमही पुरते दिसत नाही.

खरी कसोटी मात्र एका साध्या क्षणी लागते. टेनिसला घड्याळ नसते. २०१० मध्ये विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटे चालला. समजा, चार वाजताचे संग्रहालयाचे तिकीट खिशात आहे आणि समोर पाचवा सेट सुरू झाला. उठायचे की बसायचे? मी म्हणेन, बसावे. पाचवा सेट टाकून संग्रहालयाकडे धावणारा संग्रहालयातही पुढच्या ठिकाणाची वेळ बघत राहील. तिथे दगड सुटला आणि दोन्ही पक्षी गेले. तसेच, सामन्याच्या वाटेवर ओतयच्या बागेत पाय रेंगाळले तर पहिला सेट चुकू द्यावा. जे समोर आहे त्याला पुरते द्यावे.

मग न पाहिलेल्या शहराचे काय? आपल्याकडे परतलेला माणूस सहज म्हणतो, ‘आम्ही पॅरिस केले’, जसे कुणी दहा दिवसांत युरोप करतो. हे ‘केले’ तेवढे टाळावे. टेनिस पाहिले, एक बाग पाहिली, दोन रस्ते ओळखीचे झाले, बाकी शहर राहिले, असे सांगावे. काचेतून दिसलेल्या गावातल्या माणसाला प्रवाशाकडून एवढीच अपेक्षा असते: थांबला नाहीस तर नाही, पण पाहिले असे म्हणू नकोस.