आबांचा उकिरडा

नातू कृषी महाविद्यालयातून सुट्टीला जेऊरच्या वस्तीवर आला आणि रात्री जेवताना बोलून गेला, "आबा, गाई-म्हशींच्या ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट हवा तापवतो."

आबांचा घास हातातच राहिला. "मंग काय दावण मोकळी करू?"

आबांचा राग रास्त होता. करमाळा तालुक्यात पाऊस दगा देतो तेव्हा दुधाच्या पगारावरच चूल पेटते. चार जनावरांच्या घराला कारखान्यांच्या धुराड्यांशेजारी उभं करणं मलाही पटत नाही. नातू वरमला. विषय तिथंच मिटला असता.

पण दोन दिवसांनी धनगर आला. दर उन्हाळ्यात तो आबांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायचा आणि रातीमागं पैसे नि ज्वारी न्यायचा. पाणी मागायला तो गोठ्यामागं गेला आणि उकिरड्याच्या खड्ड्याशी थबकला. गोठा धुतलेलं सगळं पाणी त्यातच उतरत होतं. काळ्या रबडीतून बुडबुडे येत होते.

"आबा, लेंड्यांसाठी मला पैसं मोजता, आन् दारचं शेण पाण्यात बुडवता व्हय?"

आबा काहीच बोलले नाहीत. रात्री त्यांनीच नातवाला हाक मारली. "ते बुडबुडं कशाचं रं?"

"त्योच मिथेन. रानात लेंड्या वाऱ्या-उन्हात वाळतात, तिथं तो फारसा होत नाही. खड्ड्यात पाण्याखाली वारा पोचत नाही, म्हणून शेण सडून गॅस होतो. वर नत्रही उडून जातं, पाण्याबरोबर झिरपतं. ढेकर लगेच थांबवता येत नाही, आबा. हे येतं."

अंगणाच्या कडेला गोबरगॅस होता. 1981-82 साली राष्ट्रीय बायोगॅस योजना सुरू झाली, त्यानंतरच्या लाटेत बांधलेला. सिलिंडर आला आणि त्याची लोखंडी टाकी गंजत पडली. सिलिंडर संपला की सून पुन्हा चुलीच्या धुरात बसायची. तिनं कितीदा तरी टाकीचा विषय काढला होता. या खेपेला आबांनी ऐकलं. टाकी बदलली. शेण-पाणी सारख्या मापानं कालवून आत जाऊ लागलं. खड्ड्यातून वर जाणारा वायू आता शेगडीत जळू लागला. जळाल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, पण तापवण्याची ताकद कितीतरी उतरते. गोठ्याचं पाणी चर काढून घासाला सोडलं. उरलेलं शेण आणि उष्टावळ उंचवट्यावर ढीग करून, वरखाली करत कुजवायला घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात धनगर आला तेव्हा घराजवळच्या उसाला खत म्हणून गोबरगॅसची स्लरी चालली होती. त्याचा चेहरा उतरला.

"तसं न्हवं गड्या," आबा म्हणाले. "स्लरीची बादली माळापत्तूर जात न्हाई. औंदा मेंढरं तिकडं बसीव, वरच्या रानात. राती तेवढ्याच, ज्वारी बी तेवढीच."