विश्रांती सर्वांची की काहींची?



विश्रांतीची आज्ञा कशाला हवी? थकलेला माणूस आपणहून बसतो, भुकेला आपणहून जेवतो. त्यासाठी देवाने सांगण्याची गरज काय? तरीही ज्या दहा आज्ञांत खून, चोरी आणि खोटी साक्ष यांना मनाई आहे, त्यांतच विश्रांतीचा दिवस पाळण्याची आज्ञा आहे. आपण ती तिसरी मोजतो, यहुदी बांधव चौथी मोजतात. या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील यहुदी मुलांची उन्हाळी शिबिरे आम्हांला महत्त्वाची वाटतात. तेथे मुले ही आज्ञा पुस्तकात वाचून थांबत नाहीत, काही आठवडे ती जगतात.

ही शिबिरे जुनी आहेत. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब यहुदी मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून १९०२ साली सुरू झालेले ‘सरप्राइज लेक’ शिबिर आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील सुमारे साठ लाख यहुदी मारले गेले. जेथे धर्मपरंपरा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती, ती गावेच उरली नाहीत. आता मुलांना ही परंपरा कोण देणार, हा प्रश्न अमेरिकेतील यहुद्यांपुढे उभा राहिला. १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात ‘रामा’ नावाचे पहिले शिबिर भरले, त्यामागे ही काळजी होती. पुढे अशी शिबिरे अनेक ठिकाणी निघाली.

तेथील दिवस साधा असतो. डोळे उघडताच, पुन्हा जाग आली याबद्दल देवाचे आभार मानायचे. मग आपली खोली आपणच झाडायची, अंथरूण आवरायचे. मेज मांडणे आणि जेवणानंतर ताटे उचलणे पाळीपाळीने मुलांकडे असते. घरी नोकरचाकर असलेल्या मुलालाही पाळी चुकत नाही. मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. जेवण झाल्यावरची प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने गातात, मेजावर हाताने ठेका धरतात. बाकीचा वेळ पोहणे, नाव वल्हवणे, खेळ, नाटक, थोडा अभ्यास. तळे, जेवणघर, खोली यांना हिब्रू नावे असतात. परमेश्वराची आठवण आणि केरसुणी एकाच सकाळी हाती येते.

शुक्रवारी दुपारपासून धांदल सुरू होते. साफसफाई, आंघोळी, पांढरे कपडे. सूर्यास्तापूर्वी मेणबत्त्या पेटतात, भाकर आणि द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला जातो आणि शब्बाथ सुरू होतो. धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या शिबिरांत त्या दिवशी चूल पेटत नाही. अन्न आधीच शिजवून गरम ठेवलेले असते. चढाओढीचे सामने थांबतात. मुले गातात, गप्पा मारतात, झाडाखाली पडून राहतात. शनिवारी रात्री तारे दिसले, की अनेक वातींची, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती लावतात, मसाल्यांचा सुगंध घेतात आणि शब्बाथला निरोप देतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बायबलमध्ये या आज्ञेची दोन कारणे आहेत. निर्गमाच्या पुस्तकात कारण आहे सृष्टीची निर्मिती : देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात कारण वेगळे आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दारातला परका अशी यादीच दिली आहे. बलवान माणूस विश्रांती हवी तेव्हा घेतो, त्याला आज्ञा लागत नाही. दुबळ्याला ती मागताही येत नाही. त्याच्यासाठी मालकाचा हात थांबवावा लागतो. विश्रांती ही आज्ञा आहे ती यासाठी.

शिबिरात मुले नेमके हेच शिकतात. एकाने थांबून भागत नाही. सर्व थांबले तरच प्रत्येकाला निवांतपणा मिळतो. त्या दिवशी उत्तम पोहणारा आणि पाण्याला भिणारा सारखेच असतात, कारण कोणाचेही माप त्याच्या कामगिरीवरून घेतले जात नाही. १९७० साली ‘रामा’च्या एका शिबिराने अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ‘तिकवा’, म्हणजे आशा, हा उपक्रम सुरू केला. अशी मुले आली तर शिबिराची घडी विस्कटेल, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटत होती. घडी विस्कटली नाही. आज हा उपक्रम ‘रामा’ शिबिरांची ओळख बनला आहे.

कोणी म्हणेल, शिबिर चार-आठ आठवड्यांचे, पुढे काय? शिवाय त्याचा खर्च हजारो डॉलर असतो. मदत मिळाली तरी सर्वांना जमत नाही. हे खरे आहे. जी समता पैसे भरून मिळते ती अपुरीच. परंतु एकदा सर्वांबरोबर अनुभवलेली गोष्ट ‘अशक्य आहे’ असे म्हणता येत नाही, एवढे तरी शिबिर करते.

आणि ही गोष्ट केवळ परदेशातली नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेथे शिबिर नव्हते, वर्ग नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या घाणा थांबत राहिला आणि त्याबरोबर घाण्याचा बैलही थांबला.

आपला रविवार कसा असतो? मिस्सा होते, मटण-मासळी येते, पाहुणे येतात, पुरुषमंडळी दुपारी आडवी होतात. आणि घरातली आई? तिचा रविवार सोमवारपेक्षा जड असतो. आज्ञेच्या यादीत दासी आहे, बैल आहे, पण पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ‘तू’ या शब्दात पती आणि पत्नी दोघेही धरले आहेत म्हणून तो नाही, असे समजले जाते. आपण मात्र त्या ‘तू’मधून तिला सोयीस्करपणे वगळले. घरकामाला येणारी बाई, दुकानातला पोऱ्या, पहारेकरी यांची सुट्टी तर आपल्या हिशेबातच नसते.

रविवार पवित्र होतो तो केवळ आपण मिस्साला गेल्याने नव्हे. आपल्या विश्रांतीचा भार कोणाच्या पाठीवर आहे, हे पाहून तो उतरवल्यानेही होतो. या रविवारी स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवता येईल, साधाही ठेवता येईल. मुलगे ताटे उचलू शकतात, वडील भांडी घासू शकतात. कामवाल्या बाईला पगार न कापता सुट्टी देता येते. एवढे जमले, तर सणाच्या ताटावर आईही आपल्याबरोबर बसून गरम घास खाईल.