वाद, जल्प आणि रायपूरचे आमदार

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची खोडून काढायची ती वितंडा. छत्तीसगडमध्ये २०२३ साली ९० जागांपैकी भाजपचे ५४ आणि काँग्रेसचे ३५ आमदार निवडून आले. जानेवारी २०२४मध्ये रायपुरात या सर्वपक्षीय मंडळींसाठी प्रबोधन वर्ग भरला.

दोन दिवसांच्या वर्गाने जल्पाची खोड जाते का? शंकाच आहे.

खरा धडा या विधानसभेच्या नियमांत आहे. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत जो सदस्य उतरेल, तो आपोआप निलंबित. ठराव नाही, मतदान नाही. मुंबईत २०२१मध्ये भाजपचे १२ आमदार ठरावाने वर्षभरासाठी निलंबित झाले. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. रायपुरात बहुमताच्या रागालोभाला तेवढी वाटच ठेवलेली नाही.

धाकाने पाळलेला संयम कसला, असे कुणी विचारील. विचारावेच! पण समोरच्याचे ऐकायचे तर आधी जागेवर बसावे लागते, आणि तेवढे हा नियम करून घेतो. तरीही विरोधक कधी मुद्दाम खाली उतरतात, घोषणा देतात, निलंबन पत्करतात. बहुतेकदा अध्यक्ष ते लवकरच मागे घेतात.