राक्षस मेला, तिकीट बंद

ख्रिस्तोफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ब्रदरहूड ऑफ द वुल्फ’ (२००१) मी तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा मला मजा आली. धो धो पाऊस, चिखल, घोड्यांवरून आलेले दोन अनोळखी स्वार आणि सुरुवातीलाच मार्क डाकास्कोसच्या सणसणीत लाथा. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये कुंग-फू कुठून आलं, असले प्रश्न विचारायचे नसतात. रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून बघायचा. धुक्यात काहीतरी गुरगुरतं आणि अंगावर काटा येतो.

अडचण एवढीच, की त्या धुक्यात मेलेली माणसं खरी होती.

दक्षिण फ्रान्समधल्या जेवोदाँ या डोंगराळ भागात १७६४ ते १७६७ या काळात साधारण शंभर माणसं मारली गेली. लोक मारणाऱ्याला नुसतं ‘जनावर’ म्हणत. नोंदीतला पहिला बळी झान बुले, वय १४. तिच्यानंतरचे बहुतेक बळीही मुलं आणि बायका. रानात गुरं-मेंढरं राखणाऱ्या.

मग अशा मरणांवर उभ्या राहिलेल्या सिनेमाची मजा घेणं बरोबर आहे का?

‘अडीचशे वर्षं झाली की राव,’ हे सोपं उत्तर. पण मजा घ्यायला तेव्हाही कुणी अडीचशे वर्षं थांबलं नव्हतं. सात वर्षं चाललेलं युद्ध १७६३मध्ये संपलं होतं आणि वर्तमानपत्रांना नवं खाद्य हवं होतं. जनावराच्या बातम्या फ्रान्सबाहेरही वाचल्या गेल्या, त्याची भयानक चित्रं छापून विकली गेली. पॅरिसमध्ये बसून वाचणाऱ्याला थरार होता, कारण त्याचं पोर रानात नव्हतं. म्हणजे मजेला लागतं ते अंतर काळाचंच असतं असं नाही. आपण सुरक्षित आहोत एवढं पुरतं.

मला स्वतःला भीतीची मजा घेण्यात पाप वाटत नाही. पोराला कुशीत घेऊन भुताची गोष्ट सांगणारी आजी दुष्ट नसते. माझी शंका वेगळी आहे. राक्षसाची गोष्ट ऐकताना आपण नेमकं काय विचारायचं विसरतो?

माझ्या कामात एक रोजचा मोह असतो. सिस्टीम पडते, एक बग सापडतो, तो दुरुस्त करून तिकीट बंद करायचं. तो बग मुळात आत शिरला कसा, हे शोधणं कंटाळवाणं असतं आणि त्यात बऱ्याच जणांची अडचण होते. जेवोदाँमध्ये हेच घडलं. राजा पंधराव्या लुईने आपला खास बंदूकवाला फ्रांस्वा आंत्वान याला पाठवलं. सप्टेंबर १७६५मध्ये त्याने एक मोठा लांडगा मारला. लांडग्याचं धूड व्हर्सायला पोचलं, आंत्वानचा सन्मान झाला, प्रकरण मिटलं. डिसेंबरात पुन्हा हल्ले सुरू झाले, पण आता दरबाराला त्यात रस नव्हता. तिकीट बंद झालं होतं. पुढे जून १७६७मध्ये झाँ शास्तेल या स्थानिक माणसाने एक जनावर मारलं, तेव्हा कुठे हल्ले थांबले.

त्याआधी तिथल्या बिशपने वेगळंच कारण दिलं होतं : हा लोकांच्या पापांवरचा देवाचा कोप आहे. आणि सिनेमाचं उत्तर (पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा) असं, की जनावरामागे एका गुप्त संघटनेचा कट होता. देवाचा कोप, एकच मोठा लांडगा, गुप्त कट. तीन उत्तरं, पण सोय एकच. चौदा वर्षांची पोर लांडग्यांच्या मुलखात गुरांमागे का फिरत होती, हे कुणाला विचारावं लागत नाही. त्याचं उत्तर गरिबी आहे, आणि गरिबीला सुळे नसतात. तिचा सिनेमा चालत नाही.

हे फक्त फ्रान्सचं नाही. जुन्नर-शिरूरच्या उसातल्या बिबट्याचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो आणि पुढे पाठवतो. पिंजरा लागतो, बिबट्या पकडला जातो, बातमी संपते. शेतीची वीज रात्री येते म्हणून माणसाला अंधारात उसाला दारं धरायला जावं लागतं, हा भाग व्हिडिओत नसतो. तिथले शेतकरी दिवसा वीज मागतात, ते उगीच नाही.

म्हणून मी सिनेमा बघणं सोडणार नाही. चौथ्यांदाही बघेन आणि त्याच जागी दचकेन. फक्त आता तो संपल्यावर एक नाव आठवतं. ऑगस्ट १७६५मध्ये मारी-झान व्हाले नावाच्या तरुण मुलीवर जनावराने झडप घातली, तेव्हा तिने हातातला भाला त्याच्या छातीत खुपसला. ती एका पाद्र्याकडे कामाला होती. तिच्याकडे ना घोडा होता, ना राजाचं फर्मान. कामाला निघताना भाला सोबत घ्यावा लागणं, हेच तिचं रोजचं जगणं होतं. ओव्हेर गावात तिचा पुतळा आहे : समोर जनावर आणि ती भाला रोखून उभी.

सिनेमाचा नायक मात्र पॅरिसहून येतो.